एंटर मालकानंच मारायचं

राजेहो, कम्प्युटर रिपेअरिंगमध्ये किस्से धुळीसारखे साचतात. पंखा उघडला की निघालेच! मंगरूळपीरला माझं आणि सलीमभाईंचं दुकान आहे. एकाच लॅपटॉपात विंडोज आणि लिनक्स या दोन्ही सिस्टिम बसवून देणं, हे आमचं खास काम. शेताची वाटणी करावी तशी डिस्कची वाटणी करायची. चुकीचा तुकडा पुसला गेला, की माणसाचं सगळं गेलं. म्हणून आमचा एकच नियम: शेवटचं एंटर मालकानंच मारायचं. मागून आमच्या नावानं बोंब नको!

*

मानोऱ्याचे एक सर आले होते.

"सर, या तुकड्यात काय हाय?"

"काई नाई, कचरा हाय!" म्हणाले आणि एंटर मारलं. मग विंचू चावल्यासारखे उठले. "अन् माह्या लग्नाचे फोटू?"

"कचरा तुमीच म्हनलं ना जी!" सलीमभाई म्हणाले.

सर हळूच म्हणाले, "घरी सांगू नका, बाप्पा."

*

एक काका चार्जरला लिंबू-मिरची बांधून आले.

"दुपारी चालू केला का सकाळ दाखवून राह्यला! कोनाची नजर लागली?"

नजर कसली! लिनक्स आणि विंडोज घड्याळ आपापल्या पद्धतीनं वाचतात. सेटिंग बदललं, झालं.

"मंग लिंबू सोडू काय?"

"राहू द्या," सलीमभाई म्हणाले, "अजून अपडेट यायचा हाय!"

*

नवीन तुकडा कापला, की रिकाम्यातही थोडी जागा भरलेली दिसते. एका कॉलेजच्या पोरीनं घाबरून विचारलं, "आत कोन हाय?"

"रिकाम्या घरातबी पाल राह्यतेच, बेटा!" सलीमभाई म्हणाले.

ती जागा सिस्टिमचीच असते, हे मला पक्कं ठाऊक. तरी ती गेल्यावर मी पुन्हा उघडून पाहिलंच.

*

आणि हे केनवडचे भाऊ. वांगी पिकवतात. धाकट्या पोराला लिनक्स पाहिजे होतं. लॅपटॉप मात्र मोठ्या पोरीचा, शीतलचा. ती काविळीनं गेली. तिच्या तुकड्याला पासवर्ड होता, तो तिनं कोणालाच सांगितला नव्हता.

"आत तिचा आवाज हाय," भाऊ म्हणाले. "उघडत नाई तं नाई. पुसला नाई पायजे."

शेजारच्या रिकाम्या तुकड्यात लिनक्स टाकायचं ठरलं. सगळी तयारी झाली. मी म्हटलं, "मारा एंटर."

भाऊंनी हात मागे घेतला. "मालक मी नाई जी. मालकीन शीतल हाय."

"आता तिले कुठून आनू?" मी खेकसलो आणि लगेच जीभ चावली.

तेवढ्यात स्क्रीनकडे लक्ष गेलं. निवडीची निळी पट्टी शीतलच्याच तुकड्यावर होती! मी ओरडणार, तोच पट्टी एक ओळ खाली सरकली, रिकाम्या तुकड्यावर थांबली, आणि काम सुरू झालं.

सलीमभाईंचे हात पाठीमागे होते. भाऊंचे मांडीवर. माझे हवेत.

काम संपलं. मग भाऊंनी डोळे पुसले, लॅपटॉप छातीशी धरला आणि त्यालाच म्हणाले,

"झालं ना बाई? चाल मंग, एसटी सुटन."