डिपेंडंट झुंबरबाई

झुंबरबाईच्या कपाळाचं कुंकू पुसलं गेलं तेव्हा ती ऐन तिशीत होती. पदरी मूल नव्हतं. तेव्हापासून ती धाकटा दीर भिकन याच्या घरात राहिली आणि शेताला जुंपली गेली ती गेलीच.

एकतीस सालची खानेसुमारी आली. अमळनेरहून रतिलाल मास्तर गावात माणसं मोजायला आले. भिकनच्या ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, "कमावणारा कोण?"

"मी," भिकन म्हणाला.

"आणि या वहिनी? म्हणजे डिपेंडंट."

म्हशीची धार काढून येणारी झुंबरबाई दारातच थांबली. "मास्तर, डिपेंडन म्हंजे काय?"

"दुसऱ्याच्या आधारानं जगणारी, बाई."

तिनं चरवी खाली ठेवली. "दूध कोन काढस? कपाशी कोन निंदस? मजूर बाया कोना शब्दवर येतस?"

भिकन हसला. "वहिनी, कागदनं काय मनवर लेस?"

तिनं चरवी उचलून आत नेली. पण दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी ती ओट्यावर मांडी घालून बसलेलीच. हरभरा काढायला आलेल्या बाया तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"आज मी उठाव नही," ती म्हणाली. "मी आधारनं जगस. आधार देनारा काढी हरभरा."

बाया माघारी फिरल्या. धार काढायला बसलेल्या भिकनला म्हशीनं लाथ घातली. भावकीतले चार जण समजवायला आले, बाईच्या जातीला हा ताठा शोभत नाही म्हणाले. झुंबरबाईनं त्यांना पाणी विचारलं, पण जागची हलली नाही. वावरात हरभरा वाळून तडकायला लागला, तसा भिकन तिच्यापुढे येऊन उकिडवा बसला.

"आते बस कर, वहिनी. तुले काय पाहिजे?"

"नदीकाठनं वावर मी कससू. तठला कापूस मीच इकसू. आनि मास्तरले सांग, मना नावपुढला तो शब्द खोड."

पुढच्या फेरीला आलेल्या मास्तरांनी कुरकुरत शब्द खोडला. भिकननं वावर तिच्याकडे सोडलं, पण वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही.

त्या दिवाळीनंतर झुंबरबाई स्वतः गाडी जुंपून कापूस घेऊन अमळनेरला निघाली. बाईमाणसानं कासरा धरलेला पाहून वेशीवरची माणसं खिदळली. कुणीतरी ओरडलं, "डिपेंडंट चालली!"

तिनं बैल थांबवले. मागे वळून म्हणाली, "मांगे जागा शे. बाजारले येवानं व्हई त्यानी बठी जावा."

कुणी बसलं नाही. तिनं बैलांना हाक दिली आणि गाडी उताराला लागली.