ढगसर

रेवाचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये, एका टाकीचे जोड तपासत होतो. माझी मुलगी पुण्यात फिजिओथेरपी शिकते आणि कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही. ग्राइंडरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून मी शेडच्या बाहेर आलो. "बाबा, डग इज गॉन," ती म्हणाली. फोन ठेवून आत आलो आणि गणपतला सांगितलं, "ढगसर गेले." गणपत आमचा सगळ्यात जुना वेल्डर, गुहागरकडचा. त्याने तोंडावरची काच वर केली आणि विचारलं, "कुठं?" त्याचं चुकलं नव्हतं. इथे एखादा माणूस गेला म्हटलं की तो आपल्या देशाला परत गेला, असंच आधी वाटतं. आणि डग तर चार महिन्यांपूर्वीच ऑस्ट्रेलियाला परत गेला होता... मग मला तो दुसरा, नेमका शब्द उच्चारावा लागला.

डगची आणि आमची ओळख खांबांमुळे झाली. नऊ वर्षांपूर्वी, भर जुलैत, एक उंच, लालबुंद म्हातारा हातात कागद घेऊन वर्कशॉपमध्ये आला. त्याला मैदानाच्या प्रत्येक टोकासाठी चार लोखंडी खांब हवे होते, दोन उंच आणि दोन त्याहून बुटके. मी विचारलं, "रग्बीसाठी का?" तसा तो थोडा दुखावला. रग्बीला चार खांब कुठे असतात, हा त्याचा सवाल. त्याच्या देशात एक वेगळाच फुटबॉल खेळतात. चेंडू लांबट, लाथेने मारायचा, हाताने झेलायचा, आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना असे चार-चार खांब. एका कंपनीत तो सेफ्टीचं काम बघे आणि उरलेल्या वेळात मुलामुलींना हा खेळ शिकवे, काही न घेता. नाव सांगितलं डग. ग्राइंडर चालू होता, गणपतने ऐकलं ढग. तेव्हापासून सगळ्या वर्कशॉपसाठी तो ढगसर झाला. ढग म्हणजे काय हे मी त्याला समजावलं तेव्हा तो दारात जाऊन मुसफ्फाच्या पांढऱ्याफटक आभाळाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग माझी इथे फारच गरज आहे."

खांब उभे करायला गणपत आणि आणखी दोघे गेले, त्यांच्याबरोबर मीही. घरी, मोहम्मद बिन झायद सिटीत, कंटाळलेली अकरा वर्षांची रेवा होती, तिला सोबत घेतलं. आम्ही ओळंबा लावत असताना तिने कडेला पडलेला चेंडू उचलला आणि लाथ मारली. तो लांबट चेंडू जमिनीवर पडला की कुठे उसळेल याचा नेम नसतो. ती त्याच्यामागे धावत राहिली, हसत राहिली. डगने तिला तीन-चार वेळा बघितलं. माझ्याशी एक शब्दही न बोलता त्याने तिला सांगितलं, "सोमवारी पाच वाजता ये. बूट नसले तरी चालेल."

तिथून पुढची सात वर्षं आमच्या घराचं वेळापत्रक डगच्या हातात होतं. आणि एकट्या आमच्याच घराचं नाही. आपण उभे केलेले खांब कशासाठी आहेत हे बघायला गणपत एका सुट्टीच्या दिवशी मॅचला आला, पुढच्या वेळी चौघांना घेऊन आला, आणि मग ती पाच-सहा माणसं त्या टीमची सगळ्यात मोठ्या आवाजाची समर्थक झाली. ऑस्ट्रेलियन आणि आयरिश आईबाप खुर्च्या टाकून बसायचे, आमची माणसं कुंपणाला टेकून "यल्ला रेवा, यल्ला!" असं अरबीत चेव देत ओरडायची. मला हा खेळ समजायला दोन महिने लागले, गणपतला दोन मॅच पुरल्या. "साहेब, मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा," त्याने मला समजावलं. "बाजूने गेला तरी एक मिळतो. चुकलेल्याला पण काहीतरी देतात. बरा खेळ आहे." प्रत्येक मॅच संपली की डग आधी कुंपणापाशी यायचा, आमच्या एकेका माणसाशी हात मिळवायचा आणि "थँक यू, सर" म्हणायचा. ज्यांना दिवसभर कुणी नावानेही हाक मारत नाही त्यांना तो सर म्हणायचा, आणि त्यात नाटक नव्हतं.

मी मात्र वाईट समर्थक होतो. पुण्यात शाळेत असताना कबड्डी खेळलो होतो, त्यामुळे आपल्याला खेळातलं कळतं असा माझा समज. रेवाच्या हातून चेंडू निसटला की मी मैदानाच्या कडेवरून ओरडायचो, "अगं बघ ना नीट! झोपलीस का?" एका मॅचच्या मध्यंतरात डग माझ्याकडे आला. हातात दोन पांढरे झेंडे. "शिरीष, आजपासून तू खांबांच्या मागे उभं राहायचं. सहा झाले तर दोन झेंडे, एक झाला तर एक. आणि गोल अम्पायरने बोलायचं नसतं." मला मैदानातून हाकलून न देता त्याने माझं तोंड बंद केलं होतं. हे मला घरी पोचल्यावर कळलं. बायको बराच वेळ हसत होती.

ते झेंडे एकदा मला फार जड गेले. रेवा चौदा वर्षांची होती, दुबईच्या टीमशी अंतिम सामना. शेवटचं मिनिट, आम्ही चार गुणांनी मागे. रेवाने चेंडू झेलला आणि थेट मारला. मधून गेला तर आम्ही जिंकलो. चेंडू माझ्या डोक्यावरून मधूनच गेला, पण जाताना खांबाला लागला. टुक् असा बारीक आवाज. खांबाला लागला की सहा नाहीत, एकच. कुंपणावरून गणपत आणि मंडळी नाचत होती, "साहेब, सहा! सहा!" मैदानातला पंच धावत आला, त्याने विचारलं. मी एक झेंडा उचलला. आम्ही तीन गुणांनी हरलो.

रेवा माझ्याशी तीन दिवस बोलली नाही. एकदाच म्हणाली, "यू कुड हॅव जस्ट नॉट हर्ड इट, बाबा." तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डग घरी आला. रेवाच्या समोर बसला आणि विचारलं, "चेंडू खांबाला लागला होता का?" तिने उशी मांडीवर ओढून घेतली. "बाबाच्या नंतर सगळ्यात जवळ तूच होतीस. आवाज आला होता?" ती म्हणाली, "येस." आणि रडायला लागली. "मग झालं तर," डग म्हणाला. "दोघांनी ऐकला." बायकोने केलेले पोहे त्याने दोनदा मागून घेतले. लिफ्टपाशी त्याने मला विचारलं, "तुला त्रास झाला?" मी म्हटलं, झाला. "चांगलं आहे," तो म्हणाला आणि खाली गेला.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या पोटात काहीतरी निघालं. त्याची बायको जून इथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स होती. तिने नोकरी सोडली आणि दोघांनी परत जायचं ठरवलं. शेवटचं भेटायला गेलो तेव्हा घर खोक्यांनी भरलं होतं आणि तो एका खोक्यावरच बसला होता. कपडे त्याच्या अंगावर लोंबत होते. उन्हाळ्याआधी खांबांना रंग मारून घे, खारट हवेत लोखंड टिकत नाही, एवढंच तो दोनदा म्हणाला. निघताना मी म्हटलं, "परत भेटू." "इन्शाल्ला," तो म्हणाला. आखातात आपण निरोप घेतो तो व्हिसा रद्द होतो तेव्हाच. मरण दुसऱ्या देशात घडतं आणि आपल्याला कळतं फक्त फोनवर. खांदा नाही, स्मशान नाही, कुणाच्या दारात जाऊन बसणं नाही...

म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही मैदानावरच जमलो. पंचवीस-तीस जण, त्याने शिकवलेली आता मोठी झालेली मुलं, त्यांचे आईबाप आणि आमच्या वर्कशॉपची माणसं. गवतावर गोल करून बसलो. मध्ये खुर्चीवर फोन ठेवला होता, त्यात जून होती. एकेकजण उठून बोलत होता, कुणी त्याच्या शिस्तीबद्दल, कुणी त्याच्या विनोदांबद्दल. मग अनपेक्षितपणे गणपत उठला. "साहेब, मी मराठीतच बोलतो. तुम्ही यांना सांगा."

मी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"माझा बाप वारला तेव्हा मला गावी जाता आलं नाही," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी ढगसर आमच्या लेबर कॅम्पवर आले. खोलीत आम्ही आठजण. ते माझ्या खाटेवर येऊन बसले. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची नाही. तासभर बसले, चहा दिला तो प्यायले आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशी पण."

हे मला माहीत नव्हतं. मला फक्त एवढंच आठवलं, की त्या दिवशी मैदानावर डगने सहज विचारलं होतं, गणपत का दिसत नाही, आणि मीही तितक्याच सहज सांगितलं होतं, त्याचे वडील वारले. गणपतची रजा मीच नाकारली होती. मोठं काम अंगावर होतं, माणसं कमी होती आणि त्या कागदावर सही माझी होती. वर्कशॉपमध्ये मी त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तेवढं करून मोकळा झालो होतो. त्याचा कॅम्प माझ्या केबिनपासून चालत दहा मिनिटांवर आहे.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत सांगायला लागलो. पहिल्या वाक्यानंतर थांबलो, आणि मग म्हणालो की त्याला जाता आलं नाही, कारण त्याची रजा मी नाकारली होती. गणपतला तेवढं इंग्रजी समजतं. "ते कशाला सांगता, साहेब," तो हळूच म्हणाला. मी पुढचं सगळं सांगितलं.

"आता बाईंना एकच विचारा," गणपत म्हणाला. "ढगसर गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोण बसलं होतं का?"

मी विचारलं. मग जून म्हणाली, "त्याला सांग, मी होते. दुपारची वेळ होती. त्याचा हात माझ्या हातात होता."

मी ते गणपतला सांगितलं.

"मग बरं," तो म्हणाला आणि गवतावर बसला. मी माझ्या जागेवर परत न जाता त्याच्याच शेजारी बसलो. त्यानंतर बोलायला कुणी उठलं नाही. ऊन चढत गेलं, आमच्या पाठी भाजायला लागल्या, पण सावलीकडे कुणी सरकलं नाही, आणि जूननेही फोन बंद केला नाही.