बाहीची दुमड

तिला सगळे हाडकी म्हणत. एक तर अंगावर मांस नाही, आणि दुसरं म्हणजे शाळा सुटली की पोरगी सरळ निसर्ग संग्रहालयाच्या तळघरात जाऊन हाडांत बसायची. पगार नाही, कुणी बोलावलेलं नाही, नुसती हौस. तिची आई शाळांचे गणवेश शिवायची. शेजारणींना ती सांगे, "घरात एक कप विसळत नाही, आणि तिकडे मेलेल्या कोल्ह्याचे दात घासून देते!" सांगताना कपाळावर आठ्या असत, पण सांगितल्याशिवाय राहवतही नसे.

पोरीचा हात मात्र असा, की बघत राहावं. वटवाघळाच्या पंखातली हाडं ती चिमट्याने उचलून जागच्या जागी लावायची, आणि कुठे अडलं तर स्वतःचीच बोटं वाकवून सांधा कसा वळतो ते बघायची. शाळेत गणिताच्या नावाने बोंब होती, पण उंदराची कवटी चाळणीतून निसटली तर अंधारातही शोधून देईल.

तळघरातली ती खोली काकांची. नात्याने ते कुणाचेच काका नव्हते. सांगाडे उभे करण्यात केस पिकले, एवढंच. हाडं साफ करायचं काम खरं तर भुंगेरे करत. काचेच्या पेटीत काळे भुंगेरे आणि त्यांच्या केसाळ अळ्या नुसत्या वळवळत असायच्या. वाळलेलं मांस खाऊन ते हाड लख्ख करून देत, सांध्याला धक्काही न लावता. वास असा, की नवा माणूस दारातूनच परत फिरे. हाडकी पहिल्याच दिवशी पेटीला नाक लावून बसली, तेव्हाच काकांनी तिला आपली मानली.

पण हेच भुंगेरे वरच्या मजल्यावर गेले तर सत्यानाश. तिथे लाकडी कप्प्यांत कापूस भरून ठेवलेले जुने पक्षी होते. काही जाती तर आता रानातही उरलेल्या नाहीत. किड्याला त्याचं काय? कातडं दिसलं की जेवायला बसला. म्हणून काकांचा एकच नियम होता: आधी वर, मग खाली. एकदा खाली उतरलात की त्या दिवशी वर पाऊल टाकायचं नाही.

थंडीत एकदा संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमकडे बडे पाहुणे आले. मॅडमना काहीतरी मिरवायला हवं होतं, आणि हाडकीइतकं मिरवण्याजोगं दुसरं काही त्या इमारतीत नव्हतं. जिन्यावरून हाक आली, "हाडकी, वर ये गं लवकर! यांना खंड्या पक्ष्यांचा कप्पा दाखव."

तिने ॲप्रन खिळ्याला अडकवला, हात धुतले आणि धावली. अंगात थोरल्या भावाचा स्वेटर तसाच राहिला. बाह्या लांब, म्हणून दुमडून घेतलेल्या. वर ती अशी रंगून बोलली, की पाहुणे चहा विसरले. हुशार माणसं चुकतात ती अशीच, कौतुकाच्या घाईत. मठ्ठ माणूस निदान सावकाश तरी चालतो.

थंडी सरता सरता तिनेच तो कप्पा पुन्हा उघडला. खंड्यांच्या पोटाखाली तपकिरी भुगा पडला होता. निळी पिसं सुटी झाली होती, आणि मध्ये अळीने टाकलेली केसाळ कात. घरी जाऊन तिने स्वेटरची दुमड उलगडली. शिवणीत तशीच कात अडकलेली होती.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमसमोर उभी राहिली. तोवर कप्प्याची बातमी मॅडमपर्यंत पोचली होती आणि काकांवर हलगर्जीपणाचा ठपका ठेवून झाला होता.

"माझ्यामुळे झालं मॅडम. मी खालून तशीच वर आले होते." तिने ती कात कागदावर ठेवली. "ही माझ्या बाहीत सापडली. काकांची काही चूक नाही."

"अगं, तू रोज त्या खोलीत बसतेस. कात बाहीत नाही मिळणार तर कुठे?" मॅडम हसल्या. "काकांवर जीव आहे तुझा, कळतंय मला."

"तसं नाही. त्या दिवशी पाहुणे आले होते, आणि तुम्हीच मला हाक..."

मॅडमचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी कागद चुरगळून टोपलीत टाकला. "तुझं सगळं आयुष्य पुढे आहे. त्यांचं काय, निवृत्ती आलीच आहे. हा विषय आता बंद."

हाडकीला इतका राग आला, की रडूसुद्धा फुटेना. खरं बोलूनही खोटं ठरावं, याला काय म्हणायचं?

काकांना फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं. खोलीची किल्ली हाडकीला मिळाली. सगळ्यांनी तिचं अभिनंदनही केलं. घरी तिने आईची कात्री घेऊन स्वेटरच्या बाह्या कोपरापासून कापून टाकल्या. आई ओरडली, "अगं, वेड लागलंय का तुला?"

रविवारी सकाळी फाटकाशी काकांनी त्या उघड्या हातांकडे पाहिलं. "थंडी वाजत नाही का गं?"

"काका, मी सांगितलं होतं त्यांना. खरंच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे." काकांनी एका पोराच्या आईला तिकिटाचा तुकडा परत दिला, ती आत जाईपर्यंत थांबले. "मी तुला जिना चढताना बघितलं होतं. बाह्याही दिसल्या होत्या. वाटलं, पोरगी चार लोकांत चमकतेय, कशाला मागे ओढा."

तिने किल्ली काढून त्यांच्या हातात कोंबली. "ही तुमचीच आहे. मी उद्यापासून येत नाही."

काकांनी तिची मूठ उघडून किल्ली परत तिच्या तळव्यावर ठेवली आणि बोटं एकेक करून मिटवली, हाड बसवावं तशी.

"तू नाही आलीस तरी मला परत नाही बोलावणार ते. भलत्याच कुणाला आणून बसवतील." मागे रांग वाढत होती. "जा. पेटी रात्रभर कोरडी असेल. भुंगेऱ्यांना पाणी शिंपड आधी."

ती खाली गेली. वर जायचा जिना वाटेतच होता. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.