कवेलू फेरण्याचा दिवस

लग्न होऊन बालाघाटला आले तेव्हा मला विंचवाची भीती नव्हती, कारण विंचू मी पाहिलाच नव्हता. माहेर नागपूरचं, वडील रेल्वेत, आणि रेल्वेच्या क्वार्टरला डोक्यावर सपाट पक्कं छत. त्यातून पावसाळ्यात फार तर ओल उतरायची. बालाघाटच्या आमच्या भाड्याच्या घरावर कवेलू होते, म्हणजे मातीची कौलं. त्याखाली बांबूचे फाटे, मातीच्या भिंती, मागच्या अंगणात सरपणाचा ढीग आणि त्याला टेकून रचलेल्या गोवऱ्या. विंचवानं स्वतःसाठी घर बांधायला घेतलं असतं, तर तेही काही वेगळं झालं नसतं.

पहिला विंचू तिसऱ्याच दिवशी भेटला. चुलीसाठी लाकूड उचललं, तर त्याच्या खालच्या अंगाला काळाभोर, नांगी वर करून बसलेला. मी लाकूड टाकलं ते माझ्याच पायावर. माझी किंकाळी ऐकून शेजारची बाई कुंपणावरून डोकावली, "बस, इतने से के लिए?" म्हणाली आणि परत भांडी घासायला बसली. सासूबाई चिमटा घेऊन आल्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माणूस ओळखायच्या त्या चालीवरून आणि आवाजावरून. विंचवाला ना चाल ऐकू येणारी, ना आवाज.

"कुठी हाये? सांग न वो लवकर. इकडं का तिकडं?"

"उजवीकडं, आई. उजवीकडं! तुमच्या उजवीकडं!"

तीन वेळा चिमटा जमिनीवर आपटला. चौथ्यांदा लागला. मेलेला विंचू चिमट्यात धरून त्या शांतपणे मागच्या दारानं गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "हा काया हाये. दिसते मोठा, पन त्याचं काही नाही. तांबडा लहान दिसला का तेवढं सांभाळ."

त्या दिवसापासून मी त्या घरात स्वस्थ बसले नाही. सांगायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. जेवताना एक डोळा ताटावर, एक आढ्यावर. चपला पायात घालायच्या आधी दोनदा आपटायच्या. मडक्याखाली हात घालायचा नाही, उखळ सरकवायचं नाही, वाळलेली साडी दोरीवरून काढली की अंगणभर फडकवत फिरायचं. सासूबाईंना माझ्या या फडफडीची गंमत वाटायची. "आमच्या खैरलांजीकडं धानाच्या पेंढ्यात हात घालूनच मोठ्या झालो आम्ही," म्हणायच्या. "येवढं भेलं तं जगावं कसं मानसानं?"

आमचे हे सरकारी नोकरीत. पंधरा-पंधरा दिवस दौऱ्यावर, कधी बैहर, कधी उकव्याच्या खाणीकडं. मी बदलीची वाट बघायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात, आणि नोकरदारालाही लोक तेच म्हणतात. पण आमचं बिऱ्हाड मात्र त्या कवेलूंखालून हलायचं नाव घेत नव्हतं. इकडं घरात विंचू दिसतच होते. कोनाड्यात एक, न्हाणीत एक, पिठाच्या डब्यामागं एक.

मग मुलगी झाली.

तिच्यासाठी घरात झोळी बांधली. सासूबाईंचं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी लुगडं दोन पदरी करून आढ्याला दोरानं टांगलेलं. त्यांची सगळी मुलं अशाच झोळीत वाढली होती. मी पाळणा मागितला होता. घरमालकाकडं एक लाकडी पाळणा पडून होता, पण सासूबाईंनी त्याच्या फळ्यांच्या फटींवर बोट फिरवलं आणि नको म्हणाल्या. मला ते त्यांच्या हट्टाचं लक्षण वाटलं. झोळी बरोब्बर कवेलूंखाली. वरून काही सुटलं की सरळ लेकराच्या तोंडावर. माझ्या डोक्यात दुसरा विचारच नसायचा. दुपारी मुलगी झोळीत निजायची आणि मी खाली सतरंजीवर पडून फाटे न्याहाळायची. एकेका कवेलूची फट मला पाठ झाली होती. डोळा लागला की दचकून उठायची आणि झोळीत डोकावायची. त्यानं मुलगी जागी व्हायची आणि रडायची, मग मीही रडायची.

यात सासूबाईंची एक सवय मला फार जाचायची. मुलीला झोळीत टाकायच्या आधी, दर खेपेला, त्या पुढं यायच्या, झोळीत हात घालायच्या आणि आतून सावकाश फिरवायच्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. घडीच्या आत, मग घडीच्या खाली. ओठ हलत असायचे. रामपायलीच्या रामावर त्यांची फार श्रद्धा, त्यामुळं मी समजायची की रामाचं नाव घेऊन लेकराची जागा शुद्ध करतायत, दृष्ट काढल्यासारखं काहीतरी. दिवसातून आठ-दहा वेळा हा सोहळा. आणि मी हातात पेंगुळलेलं, किरकिरणारं लेकरू घेऊन ताटकळत उभी. त्यांचा हात फिरून होईपर्यंत पोरीची झोप उडून जायची.

एकदा हे दौऱ्यावरून आले तेव्हा मी बोलून गेले, "तुमच्या आईंना दिसत नाही काही, आणि लेकराचं करायला मात्र सगळ्यात पुढं. उद्या विंचू समोर असला तरी कळायचा नाही त्यांना." सासूबाई पलीकडंच तांदूळ पाखडत होत्या. सुपाचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. त्यांनी ऐकलं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण मी माघार घेतली नाही.

जेठ महिना लागला की बालाघाटात घरोघर कवेलू फेरायची गडबड सुरू होते. पावसाळ्याआधी सगळे कवेलू काढायचे, वर्षभराचा पालापाचोळा, उंदरांची घरटी, माती झाडायची, फुटके बदलायचे आणि पुन्हा रचायचे. त्या दिवशी घरातलं सगळं सामान अंगणात निघतं, चूल बाहेर पेटते आणि छपराखालचं जगही जागा सोडून निघतं. मला हा दिवस देवासारखा वाटत होता. एकदा छप्पर साफ झालं की सुटले, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. मीच यांच्या मागं लागून, आमच्या गल्लीत सगळ्यांच्या आधी माणसं बोलावली. हे नेमके त्या आठवड्यात उकव्याला.

"आज निजाचं अंगनात," सासूबाईंनी सकाळीच सांगितलं. "कवेलू फेरले का जित्राब खाली उतरते. एक रात जाऊ द्याव लागते. आत काही टांगू नोको, काही पसरू नोको."

मी हौ म्हटलं. आणि माझ्या मनासारखं केलं.

झोळीची जागा तरी स्वच्छ राहावी म्हणून मी त्यांचं दुसरं जुनं लुगडं घेतलं आणि झोळीच्या वरच्या बाजूला, फाट्यांखाली, चारी कोपऱ्यांनी ताणून बांधलं. वरून पडेल ते त्यात झेललं जाईल, खाली येणार नाही. मला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक वाटलं. वर चढलेला माणूस खाली बघून म्हणाला, "बाई, चद्दर क्यों तान दी? कचरा तो गिरेगा ही." मी त्याला आपलं काम करायला सांगितलं.

संध्याकाळी माणसं गेली. लुगड्यात चांगला टोपलीभर कचरा जमला होता. मी ते जपून सोडलं, अंगणात नेऊन उलटं केलं. कचऱ्यातून दोन विंचू निघाले, दोन्ही काळे. मी जोड्यानं ठेचले आणि शेजारणीला बोलावून दाखवले. ती "वाह" म्हणाली. मग लुगडं तीनदा झटकलं, सगळी ताकद लावून. इतकी खूश मी त्या घरात पहिल्यांदाच झाले असेन.

तेवढ्यात वारं सुटलं. आभाळ पिवळं झालं आणि अंगणभर धूळ उडायला लागली. बाजेवर निजवलेली मुलगी डोळ्यांत धूळ जाऊन रडायला लागली. आता हिला अंगणात ठेवायचं कसं? आत घर झाडून ठेवलेलं, छप्पर स्वच्छ, विंचू मेलेले. झोळीचं लुगडं बाजेवर अंथरलं होतं, ते मुलीनं नुकतंच ओलं केलं म्हणून धुऊन दोरीवर टाकलेलं. मी हातातलं, नुकतं झटकलेलं लुगडं दोन पदरी केलं आणि झोळीच्या दोरात बांधलं.

"आत नोको टांगू म्हनलं होतं न मी," सासूबाई दारातून म्हणाल्या.

"वारं सुटलंय, आई. तीनदा झटकलंय मी. दोन मारले, बघितले न?"

"मी कायले पाह्यतो," त्या म्हणाल्या आणि चाचपडत आत आल्या. झोळीजवळ आल्या. हात आत गेला.

मुलगी माझ्या खांद्यावर टाहो फोडत होती. माझ्या डोक्यात दिवसभराचं ऊन, कचरा, धूळ. तो हात आपला सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओठ हलतायत. माझा तोल गेला.

"पुरे न आता, आई! किती कुरवाळायचं त्या चिंधीला? लेकरू रडून निळं पडलं इथं. सरका!"

मी त्यांना खांद्यानं बाजूला सारून पोरीला झोळीत टाकायला वाकले. सासूबाईंनी दुसरा हात आडवा घातला. माझ्या छातीवर, जोरात. त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"नोको ठेवू," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हळू होता. "लेकराले दूर ने. दाराशी उभी राह्य."

मग त्यांनी झोळीतला हात बाहेर काढला. मुठीत लुगड्याचा चोळामोळा घट्ट धरलेला. त्या खाली बसल्या, मूठ जमिनीवर दाबली आणि म्हणाल्या, "चिमटा आन. याच्यात हाये. मी धरून ठेवतो."

मुलीला शेजारणीच्या हातात देऊन मी चिमटा आणला. मुठीच्या कडेनं कापड उलगडलं, तर घडीच्या आतल्या बाजूला, नखाएवढा जाड, तांबडा. झटकल्यानं विंचू पडत नाही, तो कापड धरून ठेवतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं. मारला तो मीच. तोवर त्यांनी मूठ सोडली नव्हती, आणि तोंडातून ब्रही काढला नव्हता. मेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी हात उघडला. मधल्या बोटाला दोन ठिकाणी डंख होता.

शेजारणीचा नवरा सायकलवर कंपाउंडरला आणायला धावला. दुसरा कुणी मंत्रानं विष झाडणाऱ्याला बोलवा म्हणाला. सासूबाईंचा हात कोपरापर्यंत थरथरत होता, कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी त्यांचा हात मांडीवर घेऊन बसले होते. सहा महिन्यांचं लेकरू. त्या घडीत मी त्याची पाठ टेकवणार होते.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही रोज... रोज यासाठी?"

"मंग कायसाठी?"

"मला वाटलं, देवाचं काही म्हणता."

"म्हनतो न. भेव नाही वाटत का मले?" त्या थांबल्या, कळ सोसली. "माह्ये डोये गेले, बाई. हात तं हायेत. त्याले चावाचं असन तं आधी मले चावन."

दिवसातून आठ-दहा वेळा. सहा महिने. मी ताटकळत उभी राहायची, तोंड वाकडं करून. आणि त्या न दिसणाऱ्या घडीत आपली बोटं घालायच्या, दर खेपेला, भीत भीत. मी ढसाढसा रडले. माफी मागितली का ते आठवत नाही. मागितली असली तरी त्यांनी ऐकली नसेल, कारण त्यांचं सगळं लक्ष पोरीच्या रडण्याकडं होतं.

कंपाउंडर आला, त्यानं सुई टोचली, सकाळपर्यंत लक्ष ठेवा म्हणाला आणि गेला. वारं पडलं होतं. दोरीवरचं पहिलं लुगडं वाळलं होतं. शेजारीण म्हणाली, अंगणातल्या पेरूला बांध झोळी, आत नको. मी बांधली. मुलीला शेजारणीकडून घेतलं. ती रडून रडून उचक्या देत होती.

सासूबाई बाजेवर पडल्या पडल्या डोळे मिटून होत्या. त्यांचा उजवा हात सुजून दुप्पट झाला होता.

मुलीला डाव्या खांद्यावर घेऊन मी झोळीपाशी उभी राहिले. मग उजवा हात आत घातला. कापड गार होतं. वरच्या पदरावरून मी पटकन हात फिरवला आणि काढून घेतला.

"आतपर्यंत घाल," सासूबाई बाजेवरून म्हणाल्या. त्यांना दिसत नव्हतं. कापडाची सळसळ किती वेळ झाली, तेवढंच त्यांनी ऐकलं असणार. "वरवर नोको फिरवू. घडीच्या खालीबी पाह्य."