सातच्या चौदा पायऱ्या

माझ्या घराला सात पायऱ्या आहेत. बांधताना मिस्त्री म्हणाला होता, पाच पुरे. पण शेजारी थोरल्या भावाचं घर, वडिलांनी बांधलेलं, त्याला एकच पायरी. म्हणून मला सात पाहिजे होत्या. आमच्या शिरपुरात जोतं किती उंच त्यावरून माणसाची ऐपत ठरते, आणि मी पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन आलो होतो. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं साडेतीन फूट वर आहे.

भावानं तेव्हाच सांगितलं होतं, "इतकं जोतं कायले उचलून राह्यला? तुयं सारं पाणी माया अंगणात येईन." तसंच झालं. तो दोन पावसाळे बोलत राहिला, मी कानाडोळा केला. तिसऱ्या वर्षी त्यानं आमच्या दोन घरांमधल्या बोळात पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळक्या काड्या, रचल्या. बोळ वाटणीपत्रात सामाईक. मी लगेच चार पंच बसवले आणि स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की दोघांच्या संमतीशिवाय बोळात कोणी काही ठेवणार नाही, काही बांधणार नाही, वीटसुद्धा नाही. 'वीटसुद्धा' हा शब्द माझा. मसुदा करण्यात माझा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता. भावानं मुकाट्यानं सही केली, पऱ्हाट्या उचलल्या आणि माझ्याशी बोलणं सोडलं. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे कबूल केलेलं बरं.

कुत्री मुलीची. लांबोडं अंग, वीतभर पाय. मुलीनं पुण्यात हौसेनं पाळलेली, पुढे ती परदेशी गेली आणि कुत्री आमच्या गळ्यात आली. देवळाकडे जाणारे यात्रेकरू रस्त्यात थांबून विचारायचे, पिल्लू आहे का. सहा वर्षांची आहे म्हटलं की हसायचे. मी आधी नाक मुरडलं होतं, कुत्रं घरात नको म्हणून. पण मी पेपर वाचायला बसलो की ती येऊन माझ्या पावलांवर पोट टेकून बसायची, आणि पेपर संपला तरी मी उठायचो नाही. मुलीचा फोन आठवड्यातून एकदा. ही दिवसभर पायाशी. मुलीपेक्षा मला हिचाच लळा जास्त लागला होता, पण हे बायकोजवळही मी कधी बोललो नाही.

कुत्रीला दहावं वर्ष लागलं तेव्हा एका सकाळी ती वरच्या पायरीवर उभी राहिली आणि खाली उतरेना. मी हाका मारल्या, बिस्किट दाखवलं. पुढचा पाय खाली घालायची आणि मागे घ्यायची. शेवटी दारातच मुतली आणि फ्रिजच्या मागे जाऊन बसली. बायकोनं फरशी पुसली. जेवायला बोलावलं तरी ती बाहेर आली नाही, इतकी शरमली होती.

वाशीमच्या डॉक्टरांनी तिच्या पाठीवरून बोट फिरवलं. एका ठिकाणी ती कळवळली. ते म्हणाले, "पाठीचे मणके झिजले. पायऱ्या आजपासून बंद. उतार करून घ्या, लांब अन् मवाळ. वरून खरबरीत पायजे, पाय घसरला नाई पायजे. नाई तं मागचे पाय जातीन."

कालव्यांचे उतार काढण्यात माझी सगळी नोकरी गेलेली. घरी येऊन मी टेपनं मोजलं. साडेतीन फूट उंची, तिला झेपेल असा उतार, म्हणजे सतरा-अठरा फूट लांबी. समोर रस्त्यापर्यंत जागा आठ फूट. डावीकडे पाण्याची टाकी, मागे दुसऱ्याचं घर. अठरा फूट सरळ जागा फक्त उजवीकडे होती, बोळात.

बायको म्हणाली, "जा ना मंग, इचारा दादाले. नाई म्हनतीन काय ते?"

"कागद झाला हाय," मी म्हणालो.

"कागद तुमीच केला नं?"

मी टेप गुंडाळून ठेवला. कुत्री उचलून नेता आली असती, पण पोटाखाली हात घातला की ती गुरगुरायची, आणि बायकोचे गुडघे आधीच बोलत होते. मी मोबाइलवर शोधलं. कुत्र्यांसाठी घडीचे उतार मिळतात, गाडीत चढायला. एक मागवला. गाडीला ठीक असेल, माझ्या जोत्याला लावला तर ती शिडीच झाली. कुत्रीनं त्याचा वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

मग मला युक्ती सुचली. उतार नाही तर नाही, पायऱ्याच अर्ध्या उंचीच्या करू. मोठ्या पायऱ्यांच्या बाजूला सातच्या चौदा. मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "साहेब, लहान केल्या म्हनून पायरीचा उतार होते काय? आठ फुटात चौदा बसवाच्या म्हनजे पाय ठेवाले सात इंच भेटते. तिचं अंग एवढं लांब."

मला ते कळत नव्हतं असं नाही. पुढचे पाय खालच्या पायरीवर, मागचे तिच्या वरच्या तिसरीवर, आणि मधलं अंग प्रत्येक वेळी वाकणार. डॉक्टरांनी जपायला सांगितलेली जागा नेमकी तीच. हे मला नीट दिसत होतं. पण दुसऱ्या बाजूला भावाचं दार होतं. मी मिस्त्रीला म्हणालो, सांगितलं तेवढं कर. वरून घराला लावून उरलेला गुळगुळीत ग्रॅनाइट बसवायला लावला, मोठ्या पायऱ्यांशी मेळ बसावा म्हणून. बायको म्हणाली, निदान खरबरीत फरशी लावा. मी तिलाही गप्प केलं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून पाहावं असं काम झालं. दोघातिघांनी पाहिलंही, कुत्र्याचे लाड पाहा म्हणाले.

ती उतरायला लागली. दोन आठवडे सुरळीत गेले आणि मी बायकोला टोमणे मारून घेतले. मग एका सकाळी पायऱ्या नुकत्या धुतल्या होत्या. सहाव्या-सातव्या पायरीवर तिचे मागचे पाय एकदम बाजूला गेले. ती ओरडली नाही. पोटावर घसरत खाली गेली, पुढच्या पायांवर उठली, आणि मागचं अंग तसंच जमिनीला राहिलं.

डॉक्टरांनी मला फक्त विचारलं, उतार केला होता ना? मी हो म्हणालो.

औषधांनी थोडी ताकद आली. मागचे पाय फरफटत चालायची. आता गुरगुरली तरी उचलण्यावाचून गत नव्हती. सकाळ-संध्याकाळ मी तिला खाली आणायचो, बोळात उन्हाला ठेवायचो. एक दिवस तिला ठेवलं आणि मुलीचा फोन आला म्हणून वर गेलो. कुत्री कशी आहे, तिनं विचारलं. छान आहे म्हणालो. खाली येऊन पाहतो तर बोळ रिकामा.

ती भावाच्या ओसरीत होती, गोणपाटावर. त्याच्या एकुलत्या एका पायरीवर मुरूम टाकून, पाणी मारून, चोपून चांगला दोन हात लांब उतार केलेला होता. मुरूम ताजा नव्हता, वाळून घट्ट झालेला. म्हणजे तो कधीपासून बघत होता. भाऊ बाजूला तुरीच्या शेंगा सोलत बसलेला. मान वर न करता बोलला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुले उतरता येत नाई, त्याची शिक्षा तिले कायले?"

मी तिला उचलायला वाकलो. तिनं दात दाखवले, मला. मी तिला तिथंच सोडून आलो.

नंतर ती तिकडेच राहिली. बायको रोज भाकरी-दूध घेऊन जायची, तास-तासभर बसायची. पहिल्या आठवड्यात तिनं निरोप आणला. "दादा म्हनत होते, कागद त्याचा हाय, फाडाचा तं त्यानंच. मंग बोळात काय बांधाचं ते बांध म्हना." मी कपाटातून कागद काढला. चष्मा लावून वाचला. भाषा अजूनही चोख होती. घडी घालून परत ठेवला. असं मी तीनदा केलं.

वरच्या पायरीवरून भावाची ओसरी नीट दिसते. मी खाकरलो की तिचं शेपूट गोणपाटावर आपटायचं. आपटायचं, थांबायचं, आणि ती माझ्याकडे वाट पाहिल्यासारखं बघायची. सात पायऱ्या आणि पाच फुटांचा बोळ, एवढंच अंतर. मी गेलो नाही. भावाचा मला राग होता, आणि त्याहून जास्त राग त्या मुरमाच्या ढिगाचा, कारण तो करायला त्याला एक पाटी आणि घटकाभर वेळ लागला असेल. मी माझी सगळी विद्या पणाला लावून तिचे पाय घालवले होते.

थंडीत ती गेली. बायको रडत आली तेव्हा मी आंघोळीला पाणी काढत होतो. भावानं तिला त्याच्या अंगणात निंबाखाली पुरलं, आणि तिचा पट्टा आणून माझ्या सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवला. वर आला नाही.

मी कठडा धरून खाली उतरलो. माझेही गुडघे आता दुखतात. पट्ट्याला तिचे केस अडकलेले होते. भाऊ बोळात उभा होता, पाठमोरा, पण चालत नव्हता. तो कशासाठी थांबला आहे हे मला पुरतं कळलं. दादा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो शब्द तोंडात आलाही होता.

पट्टा खिशात घातला आणि मी सात पायऱ्या चढून वर आलो.