वाचून दाखवण्याची अट

माझ्यावर सगळ्यात जास्त ऋण आहे ते आमच्या तालुक्याच्या हायस्कूलमधल्या हिंदीच्या बाईंचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. फॉर्म कसा भरायचा हेसुद्धा घरात कोणाला माहीत नव्हते. माझे सगळे फॉर्म बाईंनी भरले. भाषांतराच्या तासाला त्यांची एक रीत असे. लिहिलेले भाषांतर बाहेर बसलेल्या शिपाईमामांना वाचून दाखवायचे आणि त्यांना कळले तरच गुण मिळायचे. मामांनी मान हलवली नाही तर वही परत.

१९९० च्या सुरुवातीला कुवेत सिटीत एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन मी जाहिरातींचे काम सुरू केले. परवाना कुवेती भागीदाराच्या नावावर, काम माझे. अरबीसाठी एक इजिप्शियन सहकारी होते, त्यांचे अक्षर फार देखणे. इंग्रजी, हिंदी, मराठी मी बघे. उर्दू आणि मल्याळम बाहेरून करून घेत असू. दुकानदारांची पत्रके एकदम सहा भाषांत देणारे आसपास दुसरे कोणी नव्हते.

पहिलेच मोठे काम पंख्यांचे आले. अरबी मजकुरात विक्रेत्याला ‘वकील’ म्हटले होते. तिकडे एजंटाला वकीलच म्हणतात. आपलाच शब्द दिसल्यावर मी बेधडक लिहिले, ‘पंख्यासाठी आमच्या वकिलांना भेटा.’ पत्रके जलीबच्या वस्तीत कामगारांच्या खोल्यांवर वाटायला गेलो, तेव्हा एका मालवणी गवंड्याने मोठ्याने वाचले आणि विचारले, “साहेबानू, पंखो घेवक वकील कित्याक? पंख्यान कोणाचो खून केल्यान काय?”

खोलीतले सगळे हसले. मलाही हसावे लागले, पण कान तापले होते. त्या दिवसापासून बाईंची रीत मी आमच्या धंद्याचा नियम केली. कुठलेही पत्रक छापण्याआधी ती भाषा घरी बोलणाऱ्या एका कामगाराला वाचून दाखवायचे. मराठीसाठी तोच गवंडी. चहा पाजला की तो मन लावून चुका काढी. आमच्या पत्रकांवर लोक हसत नाहीत, हे दुकानदारांच्या लक्षात आले आणि कामे वाढत गेली.

ऑगस्टमध्ये इराकी फौजा शहरात आल्या. जॉर्डनमार्गे मी अंगावरच्या कपड्यांनिशी गावी पोहोचलो. पुढच्या वर्षी परतलो तेव्हा दोन्ही खोल्यांत टाइपरायटरच काय, पंखासुद्धा नव्हता. इजिप्शियन सहकारी परतले, गवंडीही परतला. भागीदाराला मात्र आता या धंद्यात राहायचे नव्हते. “धंदा विकत घेणारं गिऱ्हाईक शोध, नाहीतर बंद कर,” तो म्हणाला.

गिऱ्हाईक मिळाले. एका छापखान्याचे कुवेती मालक आमचे नाव, आमची गिऱ्हाइके आणि मला व इजिप्शियन सहकाऱ्यांना घ्यायला तयार झाले. मी एकच अट घातली : वाचून दाखवल्याशिवाय काहीही छापायचे नाही, आणि हे करारात लिहायचे.

“उस्ताद, सहा भाषा सहा जणांना ऐकवायच्या,” ते म्हणाले. “तोवर माझं मशीन उपाशी ठेवू? तुम्ही शिकलेले आहात. तुमच्या लिहिण्यावर गवंड्याची सही कशाला?”

“अट नसेल तर मी विकणार नाही,” मी म्हणालो. नाही विकले तर सगळेच बंद होणार होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होते.

बोलणी अडलेली असतानाच एका बांधकाम कंत्राटदाराची सहा भाषांतली सूचना आमच्यामार्फत त्यांच्या छापखान्यात छापायला आली. समुद्रकिनाऱ्यावर इराकी फौजांनी वाळूत स्फोटके पेरलेली होती. कामगारांनी तारेपलीकडे जाऊ नये, एवढाच मजकूर. मालकांनी घाईने प्लेट मशीनवर चढवली. मी सवयीने गवंड्याला बोलावून घेतले होते; कच्ची प्रत घेऊन अंगणात त्याच्याकडे गेलो आणि वाचली : ‘सावधान. पुढे सुरुंग आहेत.’

“बरा,” तो म्हणाला. “मगे दुपारपर्यंत थांबया. उडवन झाले की जावया.”

गावाकडे तो काळ्या दगडाच्या खाणीवर होता. तिथे सुरुंग माणसेच लावत, शिट्टी होई, लाल बावटा दिसे, दगड उडे आणि लोक पुन्हा कामाला जात. माझा शब्द कोशात बरोबर होता. तो वाचून खाणीवरचा माणूस स्फोट व्हायची वाट बघत थांबला असता आणि मग सरळ वाळूत चालत गेला असता.

मालक दारात उभे होते. “काय म्हणाला तो?”

मी जसेच्या तसे सांगितले. ते आत गेले आणि मशीन थांबले. बाहेर येऊन त्यांनी विचारले, “बाकीच्या पाच भाषा कोणाला ऐकवायच्या?”

त्या आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिले.

“आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.
काल कंपनी विकली. करार अरबीत आहे. त्यातल्या चौथ्या कलमाचे मराठी असे : ‘कोणताही मजकूर, तो ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापैकी एकाला वाचून दाखवून त्याला समजल्याशिवाय छापला जाणार नाही.’ मराठी ऐकण्यासाठी आमच्या एका गवंड्याला महिन्याच्या पगारावर ठेवले आहे. तो म्हणतो, बायकोचे एवढी वर्षे ऐकले, पगार आत्ता सुरू झाला. ऐकण्याची नोकरी इथल्या दुसऱ्या कुठल्या छापखान्यात असल्याचे मला माहीत नाही. मला या कलमाचा फार अभिमान वाटतो.
आपला विद्यार्थी”