म्हैस साक्षीला आली असती तर

टॉकीजमध्ये बोलणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे. मागच्या रांगेतलं कुणी पुढची गोष्ट सांगायला लागलं, की मी मान वळवून बघते. माझ्या त्या बघण्याला घरातले सगळे वचकून असतात. आणि माझ्याच सख्ख्या आईनं लातूरच्या भरल्या टॉकीजमध्ये पडद्यावरच्या गाईबद्दल मोठ्यानं शेरे मारले. तेही एकदा नाही.

पण आधी आई तिथं आली कशी, ते सांगायला हवं. तिच्या उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लातूरला झालं आणि ती माझ्याकडं राहिली. गाव रेणापूरच्या पुढं. तिथं माझा भाऊ, भावजय आणि एक म्हैस. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूळ, धूर, शेण यांच्या जवळ जायचं नाही. आईनं सगळं मान डोलवत ऐकून घेतलं आणि रिक्षात बसल्या बसल्या मला विचारलं, "मंग शनवारी जाऊ ना गं मी?" पालथ्या घड्यावर पाणी.

तिचा जीव म्हशीत अडकला होता. म्हैस हातावरची. म्हणजे एकाच माणसाच्या हाताची तिला सवय, दुसरं कुणी धारेला बसलं की ती दूध वर ओढून धरणार, नाहीतर लाथ घालणार. त्यात तिचं पारडू मेलेलं. आईचा हात आणि आईचा आवाज, एवढ्यावरच ती दूध सोडायची. आई लातूरला आल्यावर भावानं गावातला जुना उपाय करून पाहिला. आईचं लुगडं अंगाला गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि मिशीसकट धारेला बसला. म्हशीनं एकदा मागं वळून त्याच्याकडं बघितलं आणि बादली उडवून दिली. हे त्यानं स्वतःच फोनवर सांगितलं. मी आणि माझी लेक हसून हसून बेजार झालो. आई हसली नाही. "दूध आटंल तिचं," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच फोन. "सोडलं का दूध?" भाऊ म्हणायचा, "हाव, थोडं थोडं." किती, कुणी काढलं, कसं काढलं, काही नाही. ताकास तूर लागू देत नव्हता. आईला त्यात आणखीच संशय. फोन ठेवला, की ती पिशवीत कपडे भरायला घ्यायची, आणि मी ते पुन्हा कपाटात ठेवायची. आमचं भांडण व्हायचं. डोळा तुझा आहे की म्हशीचा, असंही मी एकदा म्हणाले. मला तिला निदान महिना पुरा होईपर्यंत ठेवून घ्यायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही ती राहिली असती तर मला हवीच होती. लग्नानंतर आई कधी माझ्याकडं आठ दिवससुद्धा सलग राहिली नव्हती. दर वेळी घरी कुणीतरी दुभतं असायचंच.

मग सुट्टीच्या दिवशी लेकीनं सिनेमाचा हट्ट धरला. परदेशातलं कार्टून, हिंदीत केलेलं. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्या की, मधूनमधून डोळे मिटून बसायला सांगा. मला वाटलं, उंदीर-मांजर असेल, थंडगार हवेत दोन तास जातील आणि निदान तेवढा वेळ म्हशीचं नाव निघणार नाही.

पडदा उजळला आणि त्यावर अख्खा गोठा उभा राहिला.

वाळवंटातलं एक ओसाड गाव, मोठ्या टोपीचा, कमरेला पिस्तूल लावलेला एक गुराखी, आणि त्याची बोलणारी जनावरं. माणूस समोर असला की ती मुकाट चरायची, त्याची पाठ फिरली की टोप्या घालून गप्पांना बसायची. आमच्या मागं क्लासची पोरं होती. लातूरला डॉक्टर व्हायला आलेली असली पोरं चाचणी बुडवून आली की दुप्पट मोठ्यानं हसतात. पुढच्या रांगेत एक मुसलमान कुटुंब, आजीपासून कडेवरच्या बाळापर्यंत. आणि मध्ये आम्ही तिघी. आई अंधारातही दवाखान्याचा काळा चष्मा लावून बसली होती आणि त्या सिनेमातल्याच एखाद्या दरोडेखोरासारखी दिसत होती.

पहिली गाय आली तशी आई म्हणाली, "हिला वशिंड कामून न्हाई?"

"आजी, बाहेरच्या देशातली आहे ती," लेक कुजबुजली.

"मंग जरशी म्हण की!"

मागची पोरं फिस्सकन हसली. मी सवयीनं मान वळवली आणि लक्षात आलं, की सुरुवात आमच्याच घरातून झाली आहे. मान पुन्हा सरळ केली.

मग गुराखी धारेला बसला. हातात कातडी मोजे, तोंडात शीळ, आणि बादली बघता बघता काठोकाठ. आईला ते सहन होईना. "आरं, सड तरी धू आधी!" ती जवळजवळ ओरडलीच. अर्धं टॉकीज हसलं. पुढची म्हातारी वळून आईकडं बघून हसली. मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. लेक मात्र आजीला चिकटून खुदखुदत होती. आई तर अशी बसली होती, की जनावराच्या भल्याचं बोलले, त्यात लाजायचं काय?

मग गोष्टीनं वळण घेतलं. गुराखी दूर कुठंतरी गेला आणि त्याच्या माघारी जनावरांनी त्याच्यावर खटला भरला. डुक्कर न्यायाधीश, कोंबड्या वकील, आणि साक्षीला गाय. धार काढताना मालक काय काय पुटपुटतो, ते तिनं त्याच्याच आवाजात भर कोर्टात सांगायला सुरुवात केली. तो अंधाराला कसा भितो, शेजाऱ्याच्या तोंडावर गोड बोलून मागं काय म्हणतो, आईच्या आठवणीनं कसा हुंदके देतो. एकेका वाक्याला टॉकीज हसून कोसळत होतं. क्लासची पोरं खुर्च्या बडवत होती. माझी लेक हसता हसता खाली घसरली. मीसुद्धा हसले.

 आईनं मात्र खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

मध्यंतरात लेक मक्याच्या लाह्या घेऊन आली. आईनं हात लावला नाही. चष्मा वर सरकवून ती मला म्हणाली, "माझी म्हैस आशी साक्षीला आली तर गं?"

"काय सांगेल ती?"

"समदं," आई म्हणाली. "तुझ्या बापाचं सांगितलंय मी. तुझ्या भावजयीचं तर रोजचं. तुझंबी हाय."

"माझं काय?"

ती चष्म्याची काडी पुसत बसली. ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही.

आईचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेवर. तिथं घरात कानडी बोलायचे. रेणापूरकडं नांदायला आली तेव्हा तिच्या बोलण्याला सासरचे हसायचे, नकला करायचे. मग तिनं माणसांशी कानडी बोलणं सोडून दिलं. तोंडात राहिलं ते फक्त गोठ्यात. "बा, बा," म्हणजे ये, ये. "निल्लु," म्हणजे उभी राहा. त्याच्या पुढं ती धार काढताना संथ लयीत बरंच काही बोलायची. माझ्या लहानपणी मला वाटायचं, म्हशींची भाषाच तशी असते. ती आपल्या आईची आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळल्यावरही मी ती शिकले नाही. गोठ्यात म्हशी बदलत गेल्या, ऐकणारं कुणीतरी कायम राहिलं. घरातली एकही गोष्ट बाहेर जाणार नाही, असा एकच कान तिला मिळाला होता, आणि आता या सिनेमानं त्या कानाला तोंड दिलं होतं. लोक हसत होते त्यात त्यांची काही चूक नव्हती. मला मात्र आईची कीव आली.

आमचं बोलणं पुढच्या म्हातारीनं ऐकलं असावं. ती वळून आईला म्हणाली, "हमारी बकरी भी सब सुनती, पन बोलती नै. बोलती तो हमारी बहू कबकी मायके चली जाती."

तिची सून शेजारीच बसली होती, तीही हसली. आणि आई हसली, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. लातूरला आल्यापासून पहिल्यांदाच.

उरलेल्या सिनेमात गुराखी परत आला, जनावरांनी पहिल्यांदाच त्याच्यासमोर तोंड उघडलं आणि त्याला शिक्षा सुनावली, की यापुढं धार काढताना एक अक्षर बोलायचं नाही. तो बिचारा गप्प बसून धार काढायला लागला, तर गाईला दूधच येईना. शेवटी तीच कोर्टात गेली, मालकाला बोलू द्या म्हणून. लोकांनी टाळ्या पिटल्या. आई म्हणाली, "हाव, बराबर हाय." या वेळी कुणी हसलं नाही, आणि मीही तिला गप्प केलं नाही.

घरी आलो तेव्हा धारेची वेळ झाली होती. आईनं व्हिडिओ फोन लावायला सांगितला. "आन् मला म्हैस दाव. नुसतं बोलणं न्हाई पाह्यजे." भावानं आढेवेढे घेतले, रेंज नाही म्हणाला, अंधार पडला म्हणाला. आई ऐकेना. शेवटी तो वैतागून म्हणाला, "आगं, धार काढायलीय ना ती, थांब की जरा!"

"कोण काढायलीय?"

 मग फोन हलला आणि पडद्यावर गोठा आला. भावजय म्हशीच्या पोटाला कपाळ टेकून बसली होती. लुगडं आईचं नव्हतं, तिची स्वतःची रोजची साडी होती. बादलीत धारेचा चुर्र चुर्र आवाज येत होता आणि ती हळू आवाजात म्हणत होती, "बा, बा... निल्लु, निल्लु." पुढचंही बरंच काही म्हणत होती, मोडकंतोडकं, पण लय आईचीच.

आईनं काळा चष्मा काढून हातात घेतला.

"वहिनी," मी म्हणाले, "आई बघतीय."

भावजय दचकली, पण हात थांबवला नाही. "आत्या, तुमचंच ऐकून ऐकून आलंय वो. अर्थ न्हाई कळत मला, नुसतं म्हनते. लुगड्याला भुलली न्हाई ती, ह्याला भुलली. चार-सहा दिस झाले, सोडायलीय. तुमाला वाईट वाटंल म्हनून बोललो न्हाई."

"आजून काय काय ऐकलंस?" आईनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"समदंच की. गोठ्याला आन् सैपाकघराला एकच भिंत हाय." ती हसली. "समजलं मातर काईच न्हाई."

तिला खरंच समजलं नव्हतं की आईची लाज राखायला ती तसं म्हणाली, ते मला माहीत नाही. आईनंही विचारलं नाही. ती फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "बा, बा." एकदा म्हणाली, मग जरा मोठ्यानं. म्हशीनं एक कान हलवला. मान काही वळवली नाही. रवंथ चालूच राहिला, आणि धारही.

"बरं झालं," आई म्हणाली. "पेंड घाल तिला वाईच जास्ती." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी उत्साहानं म्हणाले, "बघ, झालं की नाही? आता बिनघोर राहा. महिना कशाला, दिवाळीपर्यंत राहा."

"हाव," ती म्हणाली. "ऱ्हाते की आता."

इतके दिवस ज्यासाठी मी भांडत होते, ते एका शब्दात माझ्या पदरात पडलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्या म्हशीचा संताप आला. निदान मान तरी वळवायची होतीस, असं मनातल्या मनात मी तिला कितीदा म्हणाले. भावजयीचाही राग आला आणि तो उगाच आहे हेही कळत होतं. तिनं तर घर सांभाळलं होतं, आणि ज्या बोलण्याकडं मी पोटची मुलगी असून लक्ष दिलं नाही, ते एका भिंतीआडून उचललं होतं. आईनं त्या दिवशी पिशवी भरायला घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ती आधीच उठलेली होती. आंघोळ झालेली, केस विंचरलेले, अंथरुणाची घडी करून कोपऱ्यात ठेवलेली. हॉलमधल्या खुर्चीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसली होती. खाली दूधवाल्याची मोटरसायकल थांबली आणि तो वर येऊन आमच्या उघड्या दाराला दुधाची पिशवी अडकवून गेला. आईनं त्या पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तुमच्यात सकाळी काय करत्यात गं?" तिनं विचारलं.